नव्वद सेकंदांची परीक्षा

(कामथडी, ता. भोर, जि. पुणे येथे ग्रामस्थ व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामथडी हे पुणे-सातारा महामार्गावरील गाव. वाहनांची वर्दळ आपणांस नवी नाही. विमानप्रवासही आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागला आहे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात विमानतळ उभारण्याची योजना आहे. म्हणून विमान प्रवाशांना घेऊन उडण्यापूर्वी जमिनीवर जी एक कठोर परीक्षा घेतली जाते, तिची ओळख आज करून घेऊ.

विमान विकत घेतले म्हणजे कंपनीला प्रवासी नेता येतात, असे नाही. मुंबईच्या 'अकासा एअर'चे पहिले विमान जून २०२२ मध्ये भारतात आले. ७ जुलै रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला परवाना दिला आणि ७ ऑगस्टला मुंबई-अहमदाबाद हे पहिले उड्डाण झाले. या परवान्याची प्रक्रिया पाच टप्प्यांची असते. पहिल्या तीन टप्प्यांत कागदपत्रे तपासली जातात. चौथ्यात मात्र कागदावरचे प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. संकटकाळी विमान रिकामे करण्याची तयारी त्यातच पाहिली जाते.

विमानाचा दरवाजा जमिनीपासून सहा फुटांहून उंच असेल, तर तेथे हवेने फुगणारी घसरगुंडी आवश्यक असते. लेप दिलेल्या नायलॉनच्या कापडाची ही घसरगुंडी दारापाशी घडी करून ठेवलेली असते. उड्डाणापूर्वी विमानसेविका तिची यंत्रणा सज्ज करतात. मग संकटकाळी दार उघडताच नळकांड्यातील दाबलेला वायू सुटतो, तो बाहेरची हवाही आत खेचून घेतो आणि काही सेकंदांत घसरगुंडी जमिनीला टेकते.

विमानाच्या नव्या प्रकाराची परीक्षा निर्मात्याला द्यावी लागते. चव्वेचाळीसपेक्षा अधिक आसनांचे विमान अंधारात, निम्मीच दारे वापरून, नव्वद सेकंदांत रिकामे झाले पाहिजे. २००६ साली जर्मनीतील हँबर्ग येथे 'एअरबस ए-३८०' मधून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली. नव्या कंपनीची परीक्षा वेगळी. अमेरिकेच्या नियमानुसार तीत प्रवासी नसतात. परंतु कोणती दारे वापरायची, हे कर्मचाऱ्यांना आधी सांगितले जात नाही आणि पंधरा सेकंदांत दारे उघडून घसरगुंड्या सज्ज कराव्या लागतात. येथे कसोटी यंत्राइतकीच माणसाच्या शिस्तीची असते.

सेकंदांचा एवढा हिशेब कशासाठी? १९८५ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे धावपट्टीवरच विमानाला आग लागून ५५ जण दगावले. त्यांपैकी बहुतेकांचा बळी धुराने घेतला. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना एक जपानी प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील पाच जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानाच्या आठ दारांपैकी तीनच वापरता आली, ध्वनिक्षेपक बंद पडले. तरी त्यातील ३७९ जण सुखरूप बाहेर आले. कर्मचाऱ्यांचा सराव पक्का होता आणि प्रवाशांनी सामानाचा मोह धरला नाही.

मित्रहो, ही गोष्ट केवळ विमानाची नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली. दाराची बाजूच खाली गेल्याने वाट बंद झाली. पंचवीस जणांचा अंत झाला. वाचलेले आठ जण काच फोडून बाहेर पडले. बसमध्येही संकटकालीन दार असते. पण ते कोठे आहे आणि कसे उघडते, हे आपल्यापैकी किती जण पाहून ठेवतात?

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. वाहन कोणतेही असो, बसल्यावर प्रथम बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी. त्या वाटेवर पोती, पेट्या ठेवू नयेत आणि कोणी ठेवल्यास त्यांना अडवावे. विमानात दिली जाणारी सूचना लक्षपूर्वक ऐकावी आणि प्रसंग आलाच, तर पिशवी सोडून मुलाबाळांचा हात धरावा. परवाना देताना शासन कंपनीची परीक्षा घेते. प्रवाशाने आपली तयारी आपणच करावयाची असते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!