पिकअपच्या नाकासमोर

अमेरिकेतला पिकअप ट्रक मुळात शेतावरचा, बांधकामावरचा. आता तो उंच नाकाचा ट्रक किराणा आणायला आणि मुलांना शाळेत सोडायलाही निघतो. तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे 18,000 अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेट 40 इंचांहून उंच असेल, तर बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे 45 टक्के जास्त. आणि 40 इंच म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची! बुटकी गाडी पायांना धडकते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी थेट छातीवर, डोक्यावर आदळते आणि त्याला खाली लोटते. शिवाय अगदी पुढ्यात उभं असलेलं मूल चालकाला दिसतच नाही, गाडी कितीही सावकाश असो. नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा तिथे 2018 पासून सक्तीचा आहे. पुढच्याची सक्ती नाही, हे अजबच. तेव्हा अमेरिकेत नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांनो, दारातली गाडी सुरू होण्याआधी नातवंडाचा हात घट्ट धरा आणि लेकीला-जावयाला, मुलाला-सुनेला गाडीभोवती एक फेरी मारायला सांगा.