समुद्रकाठचे वास्तव्य
(नरसी नामदेव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांस हसू येईल. उन्हाळ्यात जिचे पाणी आटते त्या कयाधूच्या काठी उभे राहून आम्ही समुद्राविषयी बोलणार! परंतु ‘उतारवयात घरदार विकून समुद्रकाठी राहावयास जावे काय?’ हा प्रश्न हल्ली अनेक सेवानिवृत्त मंडळींच्या घरी निघतो. तो आमच्याही घरी निघाला, एवढाच आमचा बोलण्याचा अधिकार.

ही ओढ केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडात ऐन हिवाळ्यात सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. त्या काळोखाला कंटाळलेले तेथील पेन्शनर गेली कित्येक दशके स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन राहतात. त्या किनाऱ्याचे नावच ‘कोस्ता देल सोल’, म्हणजे सूर्याचा किनारा. परंतु 2020 साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. ज्यांच्यापाशी स्पेनच्या रहिवासाचा परवाना नव्हता, त्यांना 2021 पासून कोणत्याही 180 दिवसांत केवळ 90 दिवस राहण्याची मुभा उरली. घर स्वतःचे, पण त्यात राहावयाचे दिवस मोजणार दुसरा!

त्यांना ऊन हवे असते. आपणांस उन्हाचा तोटा नाही. आपणांस हवा असतो वारा. आम्ही तीस वर्षे फळ्यावर बाण काढून मुलांना खारे वारे व मतलई वारे शिकविले. दिवसा जमीन पाण्याहून लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून वारा येतो. रात्री याच्या उलट घडते. हे सारे आम्ही समुद्र न पाहता शिकविले, हे सांगावयास आज संकोच वाटत नाही. गेल्या कार्तिकात चिरंजिवांनी आग्रहाने दापोली तालुक्यात हर्णैजवळ भाड्याचे घर घेऊन दिले. पहिल्याच दुपारी ओसरीवर बसलो असता तो वारा अंगावर आला आणि आमचे डोळे भरून आले.

चार महिने सुखाचे गेले. सकाळी समोर सुवर्णदुर्ग, सायंकाळी बंदरावर मासळीचा लिलाव. ‘इकडचे घर विकून येथेच जागा घ्या,’ असे चिरंजिवांचे म्हणणे पडले, आणि आमचेही मन डळमळले. परंतु प्रारंभी दोन महिने आम्हांस कोणी नावाने हाक मारली नाही. वाड्यात आम्ही ‘ते भाड्याने आलेले’ एवढेच होतो. पुढे आमच्या सौभाग्यवतींनी शेजारच्या मुलीचे उसवलेले पोलके शिवून दिले. मग जुने शिवणयंत्र विकत घेतले. महिन्याभरात ओसरीवर बायकांची वर्दळ सुरू झाली आणि आम्ही ‘शिवणाऱ्या काकूंचे गुरुजी’ झालो! चाळीस वर्षांत लाभलेली ही आमची सर्वांत मोठी पदवी.

कोकणचे दुसरे रूपही पाहावे. चैत्रात तेथे पारा इकडच्याहून खाली असतो, परंतु दमट हवेत घाम वाळत नाही. जीव कासावीस होतो. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळाने त्या भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. शेजारीणबाई सांगत, ‘आमचे छप्पर वाडीतल्या माणसांनी शाकारले, कुलूपबंद बंगल्यांकडे कोण बघणार?’

बांधवहो, श्रीनामदेवरायांचा जन्म 1270 साली याच गावी झाला, असे परंपरा सांगते. ते पंढरपुरी राहिले आणि उत्तरायुष्यात सुमारे वीस वर्षे पंजाबात घुमान येथे होते, असेही परंपरा सांगते. ते तेथे हवा पालटावयास गेले नव्हते. त्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदे रचली. त्यांतील 61 पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. इतक्या शतकांनंतर 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते त्यांच्याच पुण्याईने. परक्या मुलखात जो कामी पडतो, त्याचाच तो मुलूख होतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: समुद्रकाठी अवश्य जावे, पण राहते घर विकून जाऊ नये, आणि जाताना हाताला काही काम घेऊन जावे. वारा भाड्याने मिळतो, शेजार मिळत नाही. तो टाका टाका घालून जोडावा लागतो.

चिरंजिवांस आम्ही तसेच कळविले. ते थोडे नाराज आहेत. शिवणयंत्र मात्र तेथेच आहे. निघताना शेजारीणबाईंनी त्यावर जुने लुगडे झाकले आणि विचारले, ‘गुरुजी, कार्तिकात याल ना?’ आम्ही होकार दिला आहे.