हातभर पूल, बोटभर रस्ता

शेतावरून आत्ताच घरी आलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून बसलेल्या सगळ्या ताई-मावशींना आमच्या गटाचा नमस्कार.

आज विषय पापडाचा नाही आणि शेळीच्या कर्जाचाही नाही. आज आम्ही रेल्वेबद्दल बोलणार आहोत. पण ही रेल्वे स्टेशनातली नव्हे, टेबलावर धावणारी. छोटे रूळ, छोटं इंजिन, मागे चार डबे आणि भोवती डोंगर, नदी, गाव असा सगळा देखावा. शहरात हा छंद असणारी माणसं आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोक बघायला जातात.

आमच्याकडे हे काम आलं ते तालुक्याच्या एका शाळेकडून. गाडी आणि रूळ त्यांच्याकडे होते. भोवतीचा देखावा, त्यातला पूल आणि रस्ता करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं, कारण डोंगर करणं आपल्याला नवं नाही. दिवाळीत पोरांबरोबर किल्ले केलेत, माती कालवलीय, हळीव पेरून हिरवळ उगवलीय. पण किल्ल्यात आणि या कामात एक फरक आहे. किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा मोठा असला तरी कुणी काही म्हणत नाही. इथे चालत नाही. इथे सगळं मापात लागतं.

माप समजून घेऊ. या गाड्यांचं एक चालू माप आहे, सत्त्याऐंशी पटीने लहान. म्हणजे खरा एक मीटर इथे साडेअकरा मिलिमीटर होतो. पाच फुटांची बाई पावणेदोन सेंटिमीटरची होते. पावणेचार मीटर रुंद डांबरी रस्ता सव्वाचार सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या दोन-अडीच बोटांएवढा. अकरा मीटरची एस. टी. साडेबारा सेंटिमीटरची. आम्ही हे आकडे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पावणेदोन सेंटिमीटरची एक पुठ्ठ्याची बाई कापली. काहीही बनवलं की ती बाई शेजारी उभी करायची. दार तिच्या कमरेएवढं झालं तर दार चुकलं, इतकं सोपं.

बाजारात मिळणारे रूळ परदेशी मापाचे असतात. दोन रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर अंतर असतं. आपल्या ब्रॉडगेजला या हिशोबाने सव्वाएकोणीस लागेल. तो फरक आपल्या हातात नाही. पूल आणि रस्ता मात्र आपल्या हातात आहे, आणि बघणाऱ्याचा डोळा तिथेच फसतो नाहीतर पटतो.

कोणता पूल करायचा, यावर आमची बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं कोकण रेल्वेचा करू. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. हिशोब केला तर आपल्या मापात उंची चौऱ्याहत्तर सेंटिमीटर आणि लांबी पावणेपाच मीटरच्याही पुढे! आमच्या समाजमंदिरातही तो सरळ मावला नसता. टेबल होतं आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडचं. त्यावरून एक गोष्ट ठरली ती लक्षात ठेवा. जागा कमी असली तर कमानी कमी करायच्या, कमान लहान करायची नाही. दहा कमानींचा पूल तीन कमानींचा केला तरी तो पूलच दिसतो. पण दहा कमानी कोंबून बसवल्या तर खेळणं दिसतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट आमच्या गटातल्या एका मावशींनी सांगितली. त्यांनी रोजगार हमीच्या कामावर रस्त्यांवर खडी टाकलेली आहे. आम्ही पुठ्ठा कापायला बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "पूल नंतर करा गं. आधी पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय ते दाखवा." बरोबरच होतं. पूल शोभेसाठी नसतो. पाणी अडलं, दरी आली, नाहीतर खालून दुसरी वाट गेली म्हणून पूल येतो. सपाट टेबलावर मध्येच पूल ठेवला तर कितीही सुंदर केला तरी खोटा दिसणार. म्हणून आम्ही आधी ओढा कोरला. डोंगराकडून अरुंद, पुढे रुंद, वळणाच्या एका बाजूला काठ कापलेला, दुसऱ्या बाजूला वाळू साचलेली. मग पुलाची जागा आपोआप ठरली.

आता दगडी पूल कसा केला ते सांगतो. अंग सनबोर्डचं. डबा ठेवून अर्धगोल आखायचा आणि कमान कापायची. वर भिंतीच्या पुट्टीत थोडं फेविकॉल मिसळून दोन मिलिमीटरचा थर द्यायचा. अर्धवट वाळला की सुईने दगडांच्या रेघा ओढायच्या. इथे घाई होते आणि दगड मोठे पडतात. एक फूट उंचीचा दगड आपल्या पुलावर फक्त साडेतीन मिलिमीटरचा हवा. कमानीचे दगड पाचरीसारखे, खाली निमुळते, आणि मोजून विषम संख्येत घ्यायचे, म्हणजे बरोबर मधोमध एक दगड येतो. हेच दगड एकमेकांना दाबून धरतात आणि वरचं ओझं दोन्ही बाजूंना उतरवतात.

रंग देताना आधी पातळ काळा रंग सगळीकडे पुसून घ्यायचा, तो फटींत बसतो. मग करडा रंग घेऊन ब्रश फडक्याला पुसायचा आणि तो जवळजवळ कोरडा ब्रश दगडांवरून हलकेच फिरवायचा. दगड उठून दिसतात. देशावरचा पूल असेल तर काळा दगड, कोकणातला असेल तर तांबूस जांभा. खांबाला एका उंचीपर्यंत मातकट रंगाची रेघ द्या, पुराचं पाणी कुठवर चढतं त्याची. ही एक रेघ दिली की पूल जुना आणि खरा वाटायला लागतो.

पाण्यात उभा असलेला खांब नीट बघितलाय का? पाणी ज्या बाजूने येतं तिकडे त्याला नावेसारखं टोक काढलेलं असतं, पाणी दुभंगून जावं म्हणून. पुलाच्या दोन्ही टोकांना भरावाची माती धरून ठेवायला पंखासारख्या पसरलेल्या भिंती असतात, आणि त्यांत छोटी भोकं असतात. मागच्या मातीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर यावं, नाहीतर ते भिंत ढकलेल. आम्ही उदबत्तीच्या काडीने ती भोकं पाडली.

दुसरा पूल लोखंडी केला, बांबूच्या काड्यांचा. चार काड्यांचा चौकोन बांधा आणि कोपऱ्यात दाबा, तो लगेच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. आपल्या छपराची कैची याच हिशोबाने उभी असते. लोखंडी पूल म्हणजे आडव्या धरलेल्या कैच्याच. त्यामुळे चौकोनात एकेक तिरपी काडी हवीच. अशा पुलावर बहुतेक वेळा खडी नसते, आडव्या पट्ट्यांमधून खालचं पाणी दिसतं. आणि रूळ वळणावर असला तरी लोखंडी तुळई वाकवायची नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ती सरळच ठेवायची, रूळ तेवढा वर वळतो.

रस्ता रुळांवरून नेताना चढाचा हिशोब आला. गाडी, वरची विजेची तार आणि मोकळी जागा धरून खाली साडेसात सेंटिमीटर ठेवावे लागतात. पुलाची जाडी धरली की आठ. रूळच आठ सेंटिमीटर वर चढवायचे म्हटलं तर? बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली, तिथला कडक चढ सदतीस फुटांना एक फूट आहे. त्या हिशोबाने आपल्याला एका बाजूला जवळजवळ तीन मीटर लागतील. टेबल तर अडीच मीटरसुद्धा नाही. म्हणून रूळ सपाट ठेवले आणि रस्ता वर चढवला. रस्त्याला दहाला एक चढ दिला तरी डोळा मानतो. ऐंशी सेंटिमीटरमध्ये काम झालं.

रस्ता करायला सोपा वाटतो, पण फसवतो तोच. पहिली गोष्ट, रस्ता मधोमध किंचित उंच असतो, पाणी दोन्ही कडांना जावं म्हणून. पुठ्ठ्याच्या खाली मधोमध लांबीला कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवा, तेवढा उंचवटा पुरतो. दुसरी गोष्ट, डांबर काळंकुट्ट नसतं. ऊन-धुळीने ते करडं पडतं. आम्ही चुलीतली राख वस्त्रगाळ करून काळ्या रंगात मिसळली. बाजूला मुरमाची साइडपट्टी, त्यापलीकडे गटार. कडा थोड्या तुटलेल्या दाखवल्या, एक ठिगळ दाखवलं. गावच्या रस्त्याच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं नारिंगी, राज्य महामार्गाचं हिरवं, राष्ट्रीय महामार्गाचं पिवळं. शेंगदाण्याएवढा तो दगड, पण पोरांनी आधी तोच ओळखला.

रेल्वे फाटकात रस्ता रुळाच्या उंचीला आणायचा, पण केसभर खालीच ठेवायचा. रुळांच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी फट सोडायची, नाहीतर गाडी घसरते. रुळांखालच्या खडीसाठी दगडाची बारीक कच चाळून पसरली. फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडलं. साबणामुळे ते कचेत नीट मुरतं आणि खडी हलत नाही.

आता पैशांचं बोलू. काम बघून एक गृहस्थ म्हणाले, "हौसेचं काम आहे, त्याला मजुरी कसली?" आम्ही वही पुढे केली. पहिल्या दिवसापासून कोण किती तास बसलं ते त्यात लिहिलेलं होतं. सामानाचा खर्च वेगळा, तास वेगळे. गवंड्याला मोठ्या पुलाची मजुरी मिळते, तर बाईला छोट्या पुलाची का मिळू नये? दगड तिनेही एकेक करूनच बसवलाय. वही होती म्हणून बोलता आलं, आणि मजुरी मिळाली. तेव्हा तोंडी हिशोबावर कुठलंच काम घेऊ नका.

पण मजुरीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच घडली. इतके दिवस पूल करून आमची नजर बदलली. आमच्या वाडीच्या वाटेवर ओढ्यावर दोन नळ्यांची मोरी आहे. दर पावसाळ्यात ती तुंबते, पाणी रस्त्यावरून जातं, मुली शाळेत जाऊ शकत नाहीत, अडलेल्या बाईला खाटेवरून पलीकडे न्यावं लागतं. "पाऊस जास्त झाला" एवढंच आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो. यंदा आम्ही एका ट्रेमध्ये तीच वाट केली, खाली दोन नळ्या घातल्या आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं, पालापाचोळ्यासकट. नळ्या चोंदल्या, भराव बंधाऱ्यासारखा उभा राहिला, पाणी वरून आलं आणि भराव कापत गेलं. मग नळ्यांच्या जागी वर स्लॅब टाकून खाली मोकळी जागा ठेवली. तेवढंच पाणी, तोच पाला, पण सगळं निघून गेलं.

हा ट्रे आम्ही महिला सभेत नेला आणि तिथून ग्रामसभेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो, ते विसरू नका. एक मात्र आम्ही तिथे स्वतःच सांगितलं. ट्रेमधल्या पाण्यावरून खऱ्या मोरीचं माप ठरत नाही. ओढ्याला पाणी किती येतं, पाया किती खोल लागेल, हे इंजिनिअरने येऊन मोजायचं. आम्ही फक्त प्रश्न दाखवला, आणि तो सगळ्यांना दिसला. ठराव लिहिला गेला. मोरी अजून झालेली नाही. मोजणी पावसाच्या आधी व्हावी म्हणून आमच्या दोघी दर आठवड्याला चौकशी करतात.

हे किती गंभीर आहे ते कोकणातल्या बहिणींना सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि महाडजवळचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. पुलावरून रोज जाणाऱ्याने पुलाखालीही कधीतरी बघायला हवं.

म्हणून तुम्हाला तीन कामं सांगतो. पाऊस सुरू व्हायच्या आत गटातल्या चौघींनी मिळून आपल्या गावच्या मोरीखाली बघा. नळ्यांत गाळ किती आहे, बाजूचा भराव कुठे खचलाय, खांबाच्या पायाशी खड्डा पडलाय का. पाणी ओसरलेलं असतानाच जा, एकटीने जाऊ नका. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा. आणि महिला सभेत ते वाचून दाखवा.

आणि कुणाला छोटा पूल करून बघायचा असेल, तर पुठ्ठा, पुट्टी आणि सुई एवढ्यावर सुरुवात होते. आधी ओढा कोरा, मग पूल बांधा. नमस्कार.