टेकून चालवायची सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणीतरी आपल्या नव्या अनुभवावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर येथे काशीयात्रेवर बोलणे झाले, घरगुती मसाल्याच्या उद्योगावर झाले, नातवंडांच्या अभ्यासावरही झाले. यंदा कार्यकारिणीने मला फर्मावले, की "तुमच्या त्या झोपून चालवायच्या सायकलीवर बोला, नाही तरी गल्लीत दुसरी चर्चाच नाही." तेव्हा आरंभीच एक दुरुस्ती सुचवते. ही सायकल झोपून चालवायची नाही, टेकून चालवायची आहे. आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाला आपण 'झोपला' म्हणत नाही. वाचता वाचता तो झोपतो, ही गोष्ट वेगळी! इंग्रजीत हिला 'रिकंबंट' म्हणतात. परदेशातून कायमचा परत आलेल्या माझ्या भाच्याने आपली ही सायकल मला दिली, त्याला आता तीन आठवडे झाले. तेव्हा मी सांगणार ते तीन आठवड्यांचे पहिले अनुभव आहेत, जाणकाराचा निवाडा नव्हे.

वयाच्या या टप्प्यावर नव्या सायकलीचा हा खटाटोप कशाला, असे पुष्कळ जणींनी विचारले. त्याचे उत्तर जरा मोकळेपणाने देते. आज सभेत आपण बायकाच आहोत. मी शाळेपासून सायकल चालवते. नोकरीची सारी वर्षे सायकलीनेच गेले-आले. पन्नाशीनंतर मात्र अर्ध्या तासात मनगटांना मुंग्या येऊ लागल्या, मान आखडू लागली आणि जेथे बसायचे तेथेच दुखू लागले. साध्या सायकलीवर अंगाचा बहुतेक भार त्या वीतभर सीटवर आणि राहिलेला दोन मनगटांवर पडतो. नाजूक जागेचे हे दुखणे आपण घरात बोलत नाही, डॉक्टरांपुढेही बोलत नाही. गुपचूप सायकल जिन्याखाली ठेवतो आणि कोणी विचारले तर "आता वय झाले" म्हणतो. आपल्या पेठेत अशा किती सायकली जिन्याखाली गेल्या असतील, याचा प्रत्येकीने मनाशी हिशेब करावा. वयाच्या नावावर घातलेले हे दुखणे कितीदा निव्वळ बसण्याच्या रीतीचे असते.

आता ही सायकल दिसते कशी ते सांगते. हिला दोनच चाके आहेत. तीन चाकांचीही असते, ती थांबली तरी कलंडत नाही. पुढचे चाक लहान, मागचे मोठे. मधे जाळीची पाठ असलेली खुर्चीसारखी बैठक. पायडल खाली नाहीत, समोर आहेत, म्हणजे आपण पाय पुढे लांबवून चालवायचे. चेन पायांपासून थेट मागच्या चाकापर्यंत जाते, म्हणून ती साध्या सायकलीच्या चेनीच्या दुपटीहूनही लांब. ब्रेक आणि गिअर नेहमीसारखे हँडलवरच. बसल्यावर भार पाठीवर आणि मांड्यांखाली पसरतो. हात नुसते हँडलला लागलेले असतात. त्यांच्यावर कसलेही ओझे नसते.

शिकायला गांधी मैदान निवडले. सकाळी साडेपाचला, म्हणजे क्रिकेटवाली मुले यायच्या आत. पन्नास वर्षे सायकल चालवणाऱ्या बाईला सायकल पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. साध्या सायकलीवर तोल सांभाळताना आपण नकळत कमरेतून इकडे तिकडे झुकतो. येथे पाठ टेकलेली, कंबर बसलेली. तोल जवळजवळ सगळा हँडलने सांभाळायचा. पहिल्या दिवशी दहा पावलेही गेले नाही. एक पाय पायडलवर ठेवायचा, जोराने रेटायचे आणि दुसरा पाय जमिनीवरून उचलून पायडलवर न्यायचा. या उचलण्याच्या क्षणीच सायकल भेलकांडते. भाचा सांगत होता, "मावशी, खांदे सैल सोड आणि पायांकडे बघू नको, लांब बघ." तिसऱ्या दिवशी खांदे खरोखरच सैल सुटले आणि सायकल सरळ गेली. पाचव्या दिवशी मैदानाला पुरी फेरी झाली. लहानपणी दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत पहिली फेरी पुरी केली होती, तेव्हा जो आनंद झाला होता त्याच जातीचा हा आनंद. तो या वयात पुन्हा मिळेल, असे वाटले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात रंकाळ्याच्या बाजूच्या रस्त्याने निघाले. साध्या सायकलीवर मान खाली आणि नजर रस्त्यावर असते. येथे नजर आपोआप समोर आणि वर जाते. रंकाळा, संध्यामठ, शालिनी पॅलेसचा मनोरा हे सारे जन्मभर पाहिलेले, पण बैठकीत बसल्यासारखे पाहत जाणे निराळे. मनगटांना मुंग्या नाहीत, मान मोकळी आणि जेथे दुखत होते तेथे तासाभरानेही काही नाही. मांड्या मात्र पहिल्या आठवड्यात भरून आल्या, कारण स्नायूंना या रीतीची सवय नव्हती. सपाट रस्त्यावर आणि उतारावर ही वाऱ्यासारखी जाते. टेकून बसलेल्या माणसाचे अंग वाऱ्याला कमी आडवे येते, हे त्याचे कारण. चढावर मात्र ही रडवते. साध्या सायकलीवर चढ आला, की आपण उभे राहून पायडलवर भार देतो. येथे उभे राहता येत नाही. गिअर हलका करायचा आणि मुकाट्याने पाय फिरवीत राहायचे. वेग फार कमी झाला, की तोलही जातो. पन्हाळ्याचा चढ मी अजून योजलेला नाही.

सायकलीचा तोल आठवड्यात जमला. लोकांच्या नजरेचा तोल जमायला जास्त दिवस लागले. आपण कुस्तीच्या गावची माणसे. शाहू महाराजांनी खासबागचे मैदान १९१२ साली पुरे केले. तेव्हापासून, खरे तर त्याच्याही आधीपासून, पाठीला माती लागली म्हणजे कुस्ती गेली, हे येथल्या पोराबाळांनाही ठाऊक. आणि ही बाई तर पाठ टेकूनच निघालेली! तालमीच्या कट्ट्यावरून एकाने विचारले, "काय वो काकू, झोपून कुठं चाललाय?" दुसऱ्याने त्याला सांगितले, "गप, काकू चीतपट झाल्यात." मी हसले, तेही हसले, आता घंटी वाजली, की वाट करून देतात.

घरातला प्रश्न याहून खोल होता. मुलीच्या जातीने पाय पसरून बसू नये, मोठ्यांसमोर पाय लांब करू नयेत, हे आपल्याला बोलायला यायच्या आधीच शिकवलेले असते. आणि येथे तर साऱ्या पेठेकडे पाय करून निघायचे. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांनी सायकल चहूकडून पाहिली आणि एवढेच विचारले, "अगं, उभ्या मारुतीवरनं जाताना पाय कुनीकडं करनार?" मी गप्प राहिले. मग त्यांनीच तोड काढली, "देवळाम्होरं उतर, चालत जा, पुढं बस." तेव्हापासून मी उभ्या मारुतीपाशी उतरते, हात जोडते आणि चार पावले चालून पुन्हा बसते. ज्या रीतीमागे श्रद्धा आहे ती पाळायला काहीच अडचण नाही. पण ज्या रीतीमागे केवळ "बायकांनी असे बसायचे नसते" एवढेच आहे, तिच्यापायी गुडघे आणि मनगटे खर्ची घालायची का, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला.

बसण्याच्या रीतीवरून अडवणारे लोक आपल्याच गल्लीत असतात असे मात्र समजू नका. पॅरिसजवळ शार्ल मोशे नावाचे कारागीर होते. मुलाला सायकल हवी होती, पण आईला ती धोक्याची वाटत होती, म्हणून त्यांनी मुलासाठी पायडलने चालणारी चारचाकी गाडी केली, असे सांगतात. ती इतकी पळू लागली, की त्यांनी मोठ्या माणसांसाठीही तशी गाडी बनवली आणि पुढे तिचीच दोन चाकांची, टेकून चालवायची सायकल काढली. त्या काळी एका तासात जास्तीत जास्त किती अंतर तोडता येते, याचा विक्रम मोठ्या मानाचा समजला जाई. ऑस्कर एग याने १९१४ साली ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम केला होता. एकोणीस वर्षे तो कोणाला मोडता आला नव्हता. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर याने मोशे यांच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. फॉर हा काही पहिल्या फळीतला शर्यतवीर नव्हता, आणि हेच मोठ्यांना झोंबले. हा माणसाचा पराक्रम की यंत्राचा, ही सायकल तरी आहे का, असा वाद माजला. शेवटी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची नवी व्याख्या केली. बैठक कोठे आणि पायडल कोठे याची मापे ठरवली. १ एप्रिल १९३४ पासून टेकून चालवायची सायकल शर्यतीतून बाद झाली. मोशे त्याच वर्षी वारले.

भगिनींनो, त्या सायकलीला दोन चाके होती, पायडल होते, चेन होती आणि चालवणारा स्वतःच्याच पायांच्या बळावर चालवीत होता. अपराध एकच: तो निराळ्या रीतीने बसला होता. बंदी आली तरी फॉर थांबला नाही. १९३९ साली त्याने सायकलीला वारा कापणारे कवच लावून तासात ५० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. साध्या सायकलीवर तो टप्पा ओलांडायला १९८४ साल उजाडले; इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर याने तो ओलांडला. आणि आपण बायकांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, फ्रान्सच्या बार्बरा बुआतवा या बाईने २०१० साली अमेरिकेतल्या सपाट रस्त्यावर अशीच कवचाची सायकल ताशी १२१ किलोमीटरहून अधिक वेगाने पळवली. ना इंजिन, ना पेट्रोल. नुसते तिचे पाय.

साध्या सायकलीवरही बाईला काही सहजासहजी बसू दिले नव्हते. ॲनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई १८९४ साली अमेरिकेतून जगप्रवासाला सायकलीवर निघाली, ती लांब घोळदार झगा घालूनच. काही महिन्यांतच तिने तो टाकून विजारीसारखा पोशाख केला. तेव्हा कोठे धड पायडल मारता आले. या सायकलीवरही पातळ चालत नाही, हे स्पष्ट सांगते. पाय उंच असल्याने निऱ्या मागे येतात आणि चेनीत जातात. घट्ट पायघोळाची सलवार किंवा विजार हवी आणि ओढणी घरी ठेवावी.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. त्या न सांगता गोडवे गाणे बरे नव्हे. चालत्या सायकलीवरून पाय सटकून जमिनीला लागला, तर तो बैठकीखाली मागे ओढला जातो आणि मोठी इजा होऊ शकते. म्हणून पूर्ण थांबेपर्यंत पाय पायडलवरून काढायचा नाही. सायकल ठेंगणी, म्हणून ट्रकवाल्याला आणि बसवाल्याला आपण दिसू याची खात्री नाही. मी मागे उंच काठीला लाल निशाण लावले आहे आणि हँडलला आरसा, कारण टेकलेल्या माणसाला मान वळवून मागे पाहणे कठीण. खड्डा आला, की सीटवरून उठता येत नाही. सारा धक्का पाठीला बसतो. आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट लहान नव्हे. महाद्वार रोडच्या गर्दीत ही नेऊच नये. कपिलतीर्थ मंडईला मी पिशवी घेऊन चालतच जाते. शिवाय ही सायकल दुकानात सहज मिळत नाही आणि साध्या सायकलीच्या मानाने फार महाग पडते. म्हणून सर्वांनी हीच घ्यावी, असा माझा मुळीच आग्रह नाही.

माझा आग्रह निराळाच आहे. काही दुखू लागले, की आपण आधी ते काम सोडतो आणि मग त्याला वयाचे नाव देतो. त्याऐवजी एकदा आपली बैठक तपासावी. जिन्याखालची सायकल बाहेर काढून सीट रुंद करून घ्यावी, हँडल थोडे उंच करून घ्यावे. नाक्यावरचा सायकलवाला हे काम थोडक्या पैशांत करून देतो. तसेच ओट्याचे, शिवणयंत्राचे आणि दुकानाच्या गल्ल्यामागच्या स्टुलाचेही. घरचे पुरुष आरामखुर्चीत पाठ टेकतात, तेव्हा त्याला विश्रांती म्हणतात. बाईने पाठ टेकली, की तिला आळशी म्हणतात. पाठ टेकूनही मैलोगणती जाता येते, एवढे या सायकलीने मला तीन आठवड्यांत दाखवले.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी गांधी मैदानात असेन. ज्यांना हौस आहे त्यांनी यावे. पायाच्या लांबीप्रमाणे पायडल पुढेमागे करता येतात, पाना मी घेऊन येते. धरायला दोघी जणी लागतात, तेव्हा एकेकटीने न येता शेजारणीला घेऊन यावे. बघायला येणाऱ्यांनाही मनाई नाही.