शस्त्र कोणाच्या हाती?

(विजयादशमीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



खंडेनवमीला आपल्यापैकी अनेकांच्या घरी शस्त्रपूजन झाले असेल. कोणाकडे पणजोबांची तलवार असेल, कोणाकडे विळा-कोयता, तर कोणाकडे नुसता पाना-पक्कड. पूजा आटोपली की ही आयुधे आपापल्या जागी परत जातात. मला मांडावयाचा आहे तो प्रश्न पूजेनंतरचा आहे. सामान्य नागरिकाने भरलेले पिस्तूल सदऱ्याखाली दडवून रोज बाजारात हिंडावे काय?

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. माझा भाचा अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक आहे, तेथील नागरिक आहे. त्याची सात वर्षांची मुलगी एके दिवशी शाळेतून आली आणि सांगू लागली, की वर्गाचे दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात चिडीचूप कसे बसावयाचे ते आज बाईंनी शिकविले. त्या रात्री भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, मी पिस्तूल घेऊ का?" इतरांच्या प्रश्नांवर अग्रलेख लिहिण्यात माझी हयात गेली, पण या एका प्रश्नावर मी निरुत्तर झालो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद दोन शतके चालला. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की घरात आत्मरक्षणार्थ पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २३ जून २०२२ रोजी न्यायालय उंबरठा ओलांडून रस्त्यावर आले. पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी विशेष कारण सिद्ध करा, ही न्यूयॉर्क राज्याची जुनी अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली. टेक्सासने तर १ सप्टेंबर २०२१पासूनच पात्र प्रौढांसाठी परवान्याची अट काढून टाकली होती. २०२४पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली.

या हक्काच्या समर्थकांना वेडे ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जुलै २०२२मध्ये इंडियाना राज्यातील ग्रीनवूड येथे एका मॉलमध्ये माथेफिरूने तिघांचे प्राण घेतले. तेथे आलेल्या एका तरुणाने जवळच्या पिस्तुलाने त्याला काही सेकंदांत टिपले. अन्यथा बळी किती वाढले असते, कोण जाणे! याउलट २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी गावी प्राथमिक शाळेत १९ बालके आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पोलीस तर शेकड्यांनी जमले होते, पण मारेकऱ्यापर्यंत पोहोचण्यास त्यांनी तासाहून अधिक वेळ घेतला. रक्षक दाराबाहेर थांबतात, तेव्हा बापाच्या मनात शस्त्राचा विचार यावा यात नवल ते काय?

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युवाल्डीच्या अठरा वर्षांच्या मारेकऱ्याने आपली बंदूक कायदेशीररीत्याच विकत घेतली होती. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरात आणलेले पिस्तूल चोरावर रोखले जाईल या हिशेबाने आणावयाचे आणि खचलेल्या क्षणी ते घरच्याच माणसाने स्वतःवर रोखावयाचे, हे त्या देशाचे मूक दुःख आहे. वृत्तपत्रांचे मथळे त्याला लाभत नाहीत.

आपल्या देशाचा अनुभव वेगळा आहे. १८५७च्या संग्रामाने हादरलेल्या इंग्रजांनी १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या काळात, शस्त्रास्त्र कायदा केला. गोऱ्यांना सूट आणि भूमिपुत्रांना बंदी! हा निःशस्त्रीकरणाचा अपमान आपल्या नेत्यांच्या जिव्हारी लागला होता. म्हणूनच १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट झाला. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि सभेनेही ती फेटाळली. मूलभूत हक्क म्हटला की तो सज्जनाचा, तसाच गुंडाचाही. हे त्यामागील व्यवहारज्ञान आपण ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या घटनेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे. १९५९च्या कायद्याने परवाना हा हक्क नव्हे, तर पडताळून दिलेली अनुज्ञा ठरविली. २०१९च्या दुरुस्तीने परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नवरातीत हर्षाने गोळीबार करणे हा गुन्हा ठरविला.

मग सामान्य माणसाने शस्त्र धरूच नये काय? तसेही नाही. जम्मूच्या डोंगराळ भागात दहशतवाद्यांनी निरपराधांची हत्याकांडे केली, तेव्हा १९९५पासून तेथे ग्रामरक्षण समित्या उभ्या राहिल्या. शासनाने ग्रामस्थांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या. पोलीस पोहोचेपर्यंत गाव तगावे, एवढाच हेतू. येथे शस्त्र आहे. पण ते दडविलेले नाही. गावाला ठाऊक आहे, शासनाच्या नोंदीत आहे आणि त्यामागे सामूहिक कर्तव्य आहे. माझ्या मते भेद येथेच आहे. एकट्याच्या भीतीतून कमरेला आलेले शस्त्र शेजाऱ्याच्या मनात भीती पेरते, मग तोही शस्त्र घेतो. समाजाने जाणून-बुजून, नियम घालून हाती दिलेले शस्त्र मात्र शेजाऱ्याला धीर देते.

भाच्याला मी "घेऊ नकोस" असे म्हटले नाही. त्याच्या भीतीची थट्टा करण्याचा मला येथे बसून काय अधिकार? मी त्याला तीनच प्रश्न विचारले. ते कुलपात ठेवलेस तर संकटाच्या क्षणी हाती येईल काय? कुलपाबाहेर ठेवलेस तर मुलीच्या हाती येणार नाही ना? आणि तुझ्या शेजारपाजारच्या चार घरांची तुला नावे तरी ठाऊक आहेत काय?

तिसऱ्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला. पुढल्या महिन्यात त्याचा पुन्हा दूरध्वनी आला. शाळेच्या पालकसभेला तो प्रथमच गेला होता आणि प्रवेशद्वाराच्या सुरक्षेसाठी पालकांचा एक गट झाला होता. पिस्तूल त्याने अद्याप घेतलेले नाही. उद्या घेईल की नाही, मला सांगता येत नाही.

शस्त्राची आपण पूजा करतो, ती त्याच्या धारेची नव्हे, तर ते धरणाऱ्या हाताच्या संयमाची. तो हात घडविण्याचे काम कोणत्याही दुकानात होत नाही. ते घरात, शाळेत आणि मोहल्ल्यातच होते. एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.