निवडणुकीचा हप्ता आणि कायद्याचा हक्क
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी राजकीय कार्यकर्ता नाही. एका बँकेच्या शाखेत काउंटरवर बसणारा लिपिक आहे. राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, दिल्लीत किंवा मुंबईत झालेली घोषणा शेवटी पासबुक हातात घेऊन माझ्या खिडकीसमोर येऊन उभी राहते.

4 जून 2024 रोजी लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातील 48 जागांपैकी महाविकास आघाडीस 30 आणि महायुतीस 17 मिळाल्या. संविधानाच्या काळजीने आपल्या वस्त्यांतून कसे मतदान झाले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यानंतर अवघ्या 24 दिवसांनी, 28 जूनला, राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. दरमहा 1500 रुपये. विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर होती.

जुलैमध्ये आमच्या शाखेत उभे राहायला जागा नव्हती. कोणाचे खाते कित्येक वर्षे बंद पडलेले, कोणाचे आधार जोडलेले नाही, कोणाचे नाव आधारवर एक आणि पासबुकात दुसरे. ऑगस्टच्या मध्यास दोन महिन्यांचे मिळून 3000 रुपये जमा होऊ लागले. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीला बांधल्या आणि मला विचारले, “साहेब, इलेक्शन झाल्यावर बंद तर नाही ना हो करणार?” मी म्हणालो, “बघू या.” त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्याच बँकेत काही सहकारी या वाटपावर नाक मुरडतात. घरासाठी सवलतीच्या व्याजाचे कर्ज घेतलेली ही माणसे! त्यांचे म्हणणे मला पटत नाही. त्या मावशींच्या घरात 1500 रुपयांना काय किंमत आहे हे मी पाहिले आहे. पैसे मिळाले हे चांगलेच झाले. माझी तक्रार वेगळी आहे. मावशींचा तो प्रश्न कोणत्याही पक्षाने आपला मानला नाही. नोव्हेंबर 2024 च्या प्रचारात एका बाजूने 2100 रुपये सांगितले, दुसरीने 3000. लिलावात बोली चढावी तसे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात मात्र 1500 चे 2100 झाले नाहीत आणि त्याच वर्षी जूनपासून सुमारे 26 लाख नावांचा लाभ पडताळणीसाठी थांबवला गेला. अपात्रांची नावे जरूर काढावीत. पण हीच छाननी मतदानाच्या आधी का झाली नाही, हा प्रश्न उरतोच.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट मे 2025 मधली. याच योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाच्या तरतुदीतून 410 कोटी 30 लाख रुपये वळवण्यात आले, आदिवासी विकास विभागाकडून 335 कोटी 70 लाख. अनुसूचित जातींच्या भगिनींनाही योजनेचा लाभ मिळतो, तेव्हा त्यांचा वाटा त्या खात्यातून दाखवला, असा खुलासा अर्थखात्याकडून आला. हिशेबाच्या वहीत ते बसत असेल. पण वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या ज्या खात्यातून चालतात, त्याच खात्याचा पैसा हप्त्याकडे गेला. म्हणजे आईच्या खात्यात जमा आणि मुलाच्या खात्यात नावे!

हे एकाच राज्याचे किंवा एकाच पक्षाचे वर्तन नव्हे. 2008 च्या फेब्रुवारीत केंद्राने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, 2009 ला लोकसभेची निवडणूक होती. माफीच्या याद्यांत पात्र शेतकरी राहून गेले आणि अपात्र घुसले, हे पुढे 2013 मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवले. 1 फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात किसान सन्मान निधी आला, 24 फेब्रुवारीला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटला आणि 10 मार्चला आचारसंहिता लागली. वर्षाला 6000 रुपये; पण ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. भूमिहीन शेतमजूर यादीत नव्हता. आपल्या समाजातले किती लोक सातबाऱ्यावर आहेत, हे मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू पाहा. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. तोही निवडणूक तोंडावर असतानाच आला, हे मान्य करू. ज्या काँग्रेसने तो आणला, तिला 2014 मध्ये अवघ्या 44 जागा मिळाल्या. सरकार गेले, कायदा राहिला. पुढच्या सरकारला त्याच कायद्याखाली धान्य द्यावे लागले. नंतर ते मोफत झाले आणि ही मोफत योजना आणखी पाच वर्षे चालवण्याची घोषणा नोव्हेंबर 2023 मध्ये दुर्ग येथील प्रचारसभेत झाली! श्रेय कोणी कोठेही घ्यावे. कार्डधारकाच्या हातात कायद्याचा कागद आहे.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. 1956 नंतर बौद्ध झालेल्यांना महाराष्ट्रात राज्यापुरत्या सवलती होत्या, केंद्राच्या नोकरीत मात्र नव्हत्या. त्यामुळे कागदावर एक धर्म आणि मनात दुसरा, अशी कितीतरी कुटुंबांची ओढाताण झाली. 1989 ची लोकसभा निवडणूक झाली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले आणि 1990 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. ते सरकार वर्षभरही टिकले नाही, नोव्हेंबरमध्ये पडले. त्यानंतर किती पंतप्रधान आले आणि गेले! ती दुरुस्ती कोणी मागे घेतली नाही.

कायदा बदलत नाही असे माझे म्हणणे नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी डिसेंबर 2025 मध्ये संसदेने दुसरा कायदा केला. पण त्यासाठी विधेयक आणावे लागले, विरोधकांना बोलता आले, सगळ्या देशाने पाहिले. 410 कोटी वळवायला तसे काही लागले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे राज्यघटनेच्या 46 व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी राज्याच्या अंगावर टाकली, पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. केंद्राने किती आणि राज्याने किती द्यायचे यात वर्षानुवर्षे थकबाकी साचली. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राचा 60 टक्के वाटा ठरला, तेव्हा थोडी वाट मोकळी झाली. तरीही परीक्षा होऊन गेल्यावर रक्कम आलेली मुले मी काउंटरवर पाहतो. महाविद्यालयाने गुणपत्रिका अडवली म्हणून रडकुंडीला आलेली एक मुलगी आठवते. तिच्यासाठी शाखेत गर्दी झाली नाही, मंडप पडला नाही. विद्यार्थ्यांच्या मतांची बेरीज कोणी करीत नसावे.

माझी संस्थेला सूचना आहे. मत मागायला कोणीही येवो, त्याचा सत्कार करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही जे देणार ते कोणत्या कायद्याने देणार? आणि पैसा कोणाच्या खात्यातून काढणार? उत्तर लेखी घ्यावे. माहितीच्या अधिकारात सामाजिक न्याय विभागाच्या तरतुदीचा आणि खर्चाचा तपशील दरवर्षी मागवून तो या स्मरणिकेत छापावा. जाहिरातीचे एक पान कमी झाले तरी चालेल.

जाता जाता एक कामाचे. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जे खाते शेवटचे जोडले असेल त्यात जाते. अनेक मुलांची दोन-दोन खाती असतात आणि ती भलत्याच बँकेत पैसे शोधत फिरतात. येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 मी याच सभागृहात बसणार आहे. आधार कार्ड, सगळी पासबुके आणि अर्जाची प्रत घेऊन या. जय भीम.