तेलाआधी रक्त तपासू या

मागच्या वर्षी गटाच्या बैठकीत आम्ही कर्जाच्या मागण्या लिहून घेत होतो. एका ताईंनी दीड हजार मागितले, केसांच्या तेलासाठी. कुणीतरी हसलं. पण ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. फणीला झुबकेच्या झुबके यायचे, आंबडा सुपारीएवढा झाला होता. घरचे म्हणायचे, बोअरच्या पाण्यानं होतंय.

आम्ही त्यांना उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन निघालं साडेसात. बाईचं १२ तरी हवं. सिस्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जात होतं आणि ताईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. अंगात लोह कमी पडलं की शरीर आधी जीव सांभाळतं, केसांचा नंबर शेवटी. तेल वरून लावून ते लोह कसं भरून निघणार?

तसे दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात, त्याची काळजी नको. एकदम जास्त गळू लागले, तर दोन-तीन महिने मागं जाऊन आठवायचं. बाळंतपण झालं होतं का? टायफॉइड, डेंगूसारखा मोठा ताप? ऑपरेशन? उपासांनी जेवण तुटलं होतं? त्या वेळचा धक्का केस आता दाखवतात. बाळंतिणीचे केस बहुतेक वर्षाच्या आत परत येतात. सासूबाईंनी तिला घाबरवू नये, एवढंच! वजन वाढतंय, सारखा थकवा आहे आणि केसही जातायत, तर थायरॉइड तपासायला सांगा.

पुरुषांचे केस कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि टाळूवरून जातात. ते बहुतेक आनुवंशिक असतं. आईकडूनही येतं, वडिलांकडूनही. टोपीनं टक्कल पडत नाही. आनुवंशिक असेल तर बायकांचा भांग रुंद होत जातो. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, तर ती चाई. त्यावर काहीबाही चोळून कातडी भाजून घेऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पोरांच्या डोक्यात खपल्या धरून केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं, आणि घरात फणी वेगळी ठेवावी लागते.

आता चहाचं. आपण जेवलो की लगेच कप हातात घेतो. त्यानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं फायदा होतो. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, घाबरून गोळी सोडू नका.

त्या ताईंनी गोळ्या घेतल्या, पाळीचा इलाजही केला. चार-पाच महिन्यांनी कपाळावर बारीक नवे केस दिसले. तेलाचं कर्ज त्यांनी स्वतःच मागं घेतलं होतं.

उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. जाल तेव्हा पाळी किती दिवस असते, तेही सिस्टरांना सांगा.